हिप्पोलितसाचें दानीएल-भाष्य : अंतकाळाची गणना आणि पडीक शेतें

जुन्या ग्रंथांतून सन आणि तिथी शोधून काढणें हा आम्हां संशोधकांचा नित्याचा उद्योग आहे. एखादी पोथी हातीं आली कीं तिचें शेवटचें पान प्रथम उलटावयाचें, शक, संवत्सर, मास व वार यांचा जंत्रीशीं मेळ घालावयाचा, आणि तो जमला म्हणजे पोथी वाचली असें समजावयाचें, ही संवय आमच्यापैकीं पुष्कळांस जडलेली आहे. या संवयीमुळें एका थोर ग्रंथावर शंभराहून अधिक वर्षें कसा अन्याय होत आला आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. तो ग्रंथ म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या प्रारंभीं हिप्पोलितस नांवाच्या ख्रिस्ती आचार्यानें दानीएलाच्या पुस्तकावर ग्रीक भाषेंत लिहिलेलें भाष्य होय.

दानीएलाचें पुस्तक बायबलाच्या जुन्या करारांत आहे. सुवर्णाचें मस्तक व लोखंडाचे पाय असलेली मूर्ति, समुद्रांतून वर येणारीं चार श्वापदें, सत्तर सप्तकांची मुदत, अशीं गूढ दर्शनें त्यांत वर्णिलीं आहेत. जगाच्या शेवटाचा क्रम याच दर्शनांत सांठविलेला आहे, अशी ख्रिस्ती लोकांची पहिल्यापासून समजूत होती. हिप्पोलितसाच्या भाष्याचे चार खंड आहेत, व त्यांपैकीं चौथा खंड या अंतकाळच्या दर्शनांवर आहे. अखंड स्वरूपांत उपलब्ध असलेल्या ख्रिस्ती शास्त्रभाष्यांत हें सर्वांत जुनें, असें सामान्यतः मानितात. भाष्यकार हा रोम शहरांतील आचार्य कीं पूर्वेकडील कोणी दुसरा, याविषयीं पंडितांत वाद आहे. त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं.

पोथ्यांचा इतिहास मात्र आमच्या वाचकांस सांगितला पाहिजे. संपूर्ण ग्रंथ जुन्या स्लाव्ह भाषेंतील भाषांतराच्या रूपानें टिकला. मूळ ग्रीक मजकूर निरनिराळ्या पोथ्यांतून जुळवावा लागतो. चौथा खंड ग्रीक भाषेंत प्रथम इ. स. १८८५-८६ मध्यें जॉर्जियादिस यांनीं प्रसिद्ध केला. इ. स. १८९७ मध्यें बोनवेच यांची चिकित्सक आवृत्ति निघाली, इ. स. १९४७ मध्यें फ्रेंच भाषांतर पॅरिस येथें छापलें गेलें, आणि मार्सेल रिशार यांनीं सिद्ध केलेली नवी संहिता त्यांच्या निधनानंतर इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध झाली. इतके परिश्रम होऊनहि या ग्रंथाचा उल्लेख बहुधा दोनच कारणांसाठीं होतो. ख्रिस्ताचा जन्म डिसेंबरच्या २५ तारखेस झाला, हें विधान येथें आढळतें, हें एक कारण. व सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापर्यंत ५५०० वर्षें लोटलीं ही गणना येथें आहे, हें दुसरें. एक तारीख आणि एक आंकडा घेऊन लोक ग्रंथ मिटून ठेवितात. परंतु या दोहोंच्या अलीकडे, अवघ्या चार-पांच प्रकरणांपूर्वीं, दोन हकीकती आहेत. आमच्या मतें ग्रंथाचा जीव त्यांत आहे.

त्या काळची परिस्थिति प्रथम लक्षांत घ्यावी. भाष्याचा काळ इ. स. २०४ च्या सुमाराचा धरितात. रोमचा बादशहा सेप्टिमियस सेव्हेरस याच्या कारकीर्दींत ठिकठिकाणीं ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. याच वेळीं यहूदा नांवाच्या एका लेखकानें दानीएलाच्या सत्तर सप्तकांवर ग्रंथ लिहून, ख्रिस्तविरोधी पुरुष आतां येऊं घातला आहे, असें प्रतिपादन केलें. छळामुळें लोकांचीं मनें किती क्षुब्ध झालीं होतीं त्याचें हें चिन्ह होय, असा अभिप्राय इतिहासकार यूसीबियस यानें नमूद करून ठेविला आहे. ज्याच्या दारांत उद्यां शिपाई येण्याचा संभव आहे, त्यास जगाचा शेवट दूर वाटत नाहीं. हिप्पोलितस लिहीत होता तो अशा लोकांसाठीं.

पहिली हकीकत सीरिया प्रांतांतील आहे. तेथील मंडळीच्या एका पुढाऱ्यानें, प्रभूच्या भेटीसाठीं रानांत गेलें पाहिजे, असें लोकांच्या मनांत भरविलें. पुष्कळ बंधु बायकामुलें बरोबर घेऊन निघाले, आणि डोंगरांत व आडवाटांनीं भटकूं लागले. प्रांताच्या अधिकाऱ्यास ही दरोडेखोरांची टोळी वाटली, व सर्वांची कत्तल होण्याचा प्रसंग ओढवला. त्या अधिकाऱ्याची पत्नी ख्रिस्ती होती. तिनें रदबदली केली म्हणून त्यांचे प्राण वांचले.

दुसरी हकीकत काळ्या समुद्राच्या दक्षिणेस असलेल्या पाँटस प्रांतांतील. येथील पुढारी भाविक व नम्र होता, असें भाष्यकार स्वतःच सांगतो. परंतु शास्त्राकडे नीट लक्ष न देतां तो आपल्या स्वप्नांवर विसंबे. एक स्वप्न पडलें, दुसरें पडलें, तिसरें पडलें. आणि आजपासून एका वर्षानें न्यायाचा दिवस येणार, असें तो सांगूं लागला. एवढ्यावर तो थांबला नाहीं. मी सांगतों तसें घडलें नाहीं तर यापुढें शास्त्रावरहि विश्वास ठेवूं नका, ज्यास जें वाटेल तें त्यानें करावें, अशा अर्थाची पैज त्यानें मारली. लोक भयभीत होऊन रात्रंदिवस रडत प्रार्थना करूं लागले. शेतें पडीक पडलीं. बहुतेकांनीं आपली मालमत्ता विकून टाकली. वर्ष सरलें, आणि कांहींच घडलें नाहीं. पुढारी लज्जित झाला, ज्या कुमारिका व्रतस्थ राहिल्या होत्या त्यांचीं लग्नें झालीं, पुरुष पुन्हां शेतांवर गेले, आणि ज्यांनीं उतावीळपणें सर्वस्व विकलें होतें ते भीक मागतांना दिसूं लागले.

या हकीकतींस इतिहासाचें साधन म्हणून किती वजन द्यावें? बखरींच्या परीक्षणांत आपण जी कसोटी लावितों तीच येथें लावून पाहूं. विरुद्ध बाजूस असें म्हणतां येईल कीं, नांवनिशीवार माहिती येथें मुळींच नाहीं. पुढाऱ्याचें नांव नाहीं, गांवाचें नाहीं, साल नाहीं. शिवाय तीन स्वप्नें आणि बरोबर एक वर्ष, हा सांचा बोधकथेचा आहे. परंतु अनुकूल पुरावा आम्हांस अधिक बलवान् वाटतो. एक तर या कथा सांगणाऱ्याच्या पक्षासच लाजविणाऱ्या आहेत. त्या काळीं फ्रिगिया प्रांतांत माँटेनस याच्या अनुयायांचा भविष्यवादी पंथ जोरांत होता. सर्व दोष त्या पंथाच्या माथीं मारणें भाष्यकारास अगदीं सोपें होतें. तसें न करितां, हे आपल्याच मंडळीचे पुढारी होते, असें तो सांगतो. दुसरें असें कीं, बोधास ज्यांची गरज नाहीं असे तपशील येथें आहेत. अधिकाऱ्याची पत्नी कशास हवी होती? फजितीवर कथा संपली असती तरी तात्पर्य पुरें झालें असतें. मग लग्नें झालीं, पुरुष शेतावर परतले, हें सांगण्याचें प्रयोजन काय? हें कल्पनेंतून सुचत नाहीं. पाहिलेल्या किंवा खात्रीलायक ऐकलेल्या माणसालाच आठवतें.

तिसरा पुरावा तुलनेचा आहे. याच दानीएलाच्या पुस्तकांतील २३०० दिवसांच्या वचनावरून विल्यम मिलर या अमेरिकन शेतकरी-उपदेशकानें, ख्रिस्त इ. स. १८४३ च्या सुमारास येणार, असें गणित केलें. पुढें त्याच्या अनुयायांनीं इ. स. १८४४ च्या आक्टोबरची २२ तारीख निश्चित केली. त्या वर्षीं कित्येक शेतकऱ्यांनीं उभें पीक काढलें नाहीं, व तारीख टळून गेल्यावर अनेकांवर मोठी निराशा ओढवली. हिप्पोलितसाचा चौथा खंड त्या वेळीं ग्रीकमध्यें छापलाहि गेला नव्हता. तेव्हां ही त्याची नक्कल असण्याचा संभव नाहीं. साडेसोळाशें वर्षांच्या अंतरानें, दोन भिन्न खंडांत, एकाच पुस्तकाच्या वाचनानें शेतें तशींच टाकून दिलीं गेलीं. पाँटसची कथा खरी वाटावी, यास इतकें साम्य पुरेसें आहे.

आतां भाष्यकाराच्या उपायाकडे वळूं. या दोन्ही पुढाऱ्यांचा दोष त्याच्या मतें एकच होता : त्यांनीं शास्त्राचा अभ्यास श्रमपूर्वक केला नाहीं. मग शास्त्र काय सांगतें? येथें हिप्पोलितस दोन उत्तरें देतो, आणि तीं दोन निराळ्या जातींचीं आहेत, हें आजवरच्या टीकाकारांनीं पुरेसें स्पष्ट केलेलें नाहीं.

पहिलें उत्तर असें कीं, दिवस गुप्त ठेवण्यांत प्रभूचा हेतु माणसांनीं सदैव जागृत रहावें हा आहे. आणि प्रत्येक मनुष्य ज्या दिवशीं हें जग सोडतो त्याच दिवशीं त्याचा न्याय झालेला असतो, त्याच्यापुरता जगाचा शेवट आलेलाच असतो. या उत्तरास कसलेंहि गणित लागत नाहीं. ज्यास हें पटलें तो रानांत जाणार नाहीं, कारण मरण घरींहि येतें. आणि तो शेतहि टाकणार नाहीं, कारण ज्या कामावर असतां बोलावणें येईल तें काम नीट करीत असणें, हीच त्याची तयारी होय.

दुसरें उत्तर गणिताचें आहे. हिप्पोलितस प्रथम कबूल करितो कीं, लोकांची जिज्ञासा फार म्हणून जें बोलूं नये तें बोलणें आपणांस भाग पडत आहे. नंतर तो हिशेब मांडतो. देवानें सृष्टि सहा दिवसांत केली, व देवाचा एक दिवस म्हणजे मनुष्याचीं हजार वर्षें. म्हणून सहा हजार वर्षांनीं जगाचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, उगवणार. ब्रह्मदेवाच्या दिवसाचें मान जाणणाऱ्या आमच्या वाचकांस ही रीत नवी वाटणार नाहीं. ख्रिस्त जन्मला तो ५५०० व्या वर्षीं. यास प्रमाण काय, तर कराराचा कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद व दीड हात उंच होता; त्यांची बेरीज साडेपांच. शिवाय योहानाच्या शुभवर्तमानांत वधस्तंभाच्या दिवशींचा सहावा तास सांगितला आहे, व तो अर्धा दिवस, म्हणजे पांचशें वर्षें, दाखवितो. अर्थात् ख्रिस्तजन्मानंतर पांचशें वर्षांनीं शेवट. आणि भाष्य लिहिलें जात होतें तेव्हां त्यांपैकीं सुमारें तीनशें वर्षें शिल्लक होतीं.

कोशाच्या लांबीरुंदीवरून काळ मोजण्याच्या या पद्धतीस हंसणें सोपें आहे, व पुष्कळ हंसले आहेत. परंतु हा आंकडा कोणासाठीं मांडला, हें पाहिलें म्हणजे हंसूं मावळतें. तीनशें वर्षें म्हणजे दहा पिढ्या. ज्या मंडळीस पुढच्या वर्षीं न्याय होणार असें सांगून कोणीं घाबरविलें आहे, तिला, दहा पिढ्या अजून जावयाच्या आहेत, असें सांगणें म्हणजे, घरीं जा, नांगर धरा, मुलींचीं लग्नें योग्य वेळीं करा, असेंच सांगणें होय. अंतकाळाची इतर गणितें माणसांस शेतांतून बाहेर काढण्यासाठीं झालीं. हें त्यांस परत शेतांत धाडण्यासाठीं झालें. या गुणाबद्दल भाष्यकारास द्यावें तितकें श्रेय आजवर मिळालेलें नाहीं.

तरीहि दोष दाखविणें टीकाकारास प्राप्त आहे. पहिलें उत्तर पुरेसें असतां दुसरें देण्याची गरज नव्हती, आणि दुसऱ्यानें पहिल्यास बाध येतो. पाँटसच्या पुढाऱ्यानें स्वप्नावर भिस्त ठेवून एक वर्षाची मुदत दिली. हिप्पोलितसानें शास्त्रवचनावर भिस्त ठेवून तीनशें वर्षांची दिली. मुदत लांबली, पण ती मुदतच राहिली. आंकडा कितीहि मोठा असला तरी तो एक दिवस सरतोच, आणि तो सरत आला म्हणजे ज्या भयाचें निवारण करण्यासाठीं तो मांडला, तेंच भय तो उत्पन्न करूं लागतो. झालेंहि तसेंच. पांचशेंवें वर्ष जवळ येण्यापूर्वींच यूसीबियसाच्या कालगणनेनें ख्रिस्तजन्म सुमारें तीनशें वर्षें अलीकडे, म्हणजे ५१९९ च्या सुमारास, आणला. त्यामुळें सहा हजारांची भरती इ. स. ८०० च्या आसपास गेली. आठवें शतक लागल्यावर इंग्लंडांतील बीड या विद्वानानें हिब्रू मजकुराच्या आधारें ख्रिस्तजन्माचें वर्ष ३९५२ ठरविलें, तेव्हां त्याच्यावर पाखंडाचा आरोप आला, व इ. स. ७०८ मध्यें त्यास पत्र लिहून आपला बचाव करावा लागला. एकदां आंकड्याची गोडी लागली म्हणजे तो बदलणाराहि अपराधी ठरतो.

हीच गोडी पोथ्यांच्या नकलकारांसहि लागली. डिसेंबरच्या २५ तारखेचें प्रसिद्ध वाक्य ज्या ठिकाणीं आहे, तेथील पाठ शुद्ध नाहीं. एका पोथींत डिसेंबरच्या तारखेशेजारींच एप्रिलची दुसरी तारीख उभी आहे. आणि हिप्पोलितसाची म्हणून मानलेल्या, इ. स. १५५१ मध्यें रोम येथें सांपडलेल्या मूर्तीच्या आसनावर जें पास्खाचें कोष्टक कोरलेलें आहे, त्यांत ख्रिस्ताच्या उत्पत्तीचा उल्लेख एप्रिलच्या २ तारखेशीं जोडलेला आहे. म्हणून डिसेंबरची तारीख मागाहून शिरली, असें अनेक पंडितांचें मत आहे; कांहींस ती मूळचीच वाटते. आम्हांस प्रक्षेपाचा पक्ष अधिक संभवनीय दिसतो. समासांतील टीप पुढच्या नकलेंत मजकुरांत कशी येऊन बसते, हें ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हाताळणारास सांगावयास नको. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं त्या ग्रंथाचें शोधन केलें, व पुढें कोणीं त्यांत आपली ओवी घालूं नये असें बजावून ठेविलें, तें याच अनुभवामुळें. हिप्पोलितसास असा एकनाथ भेटला नाहीं. जो ग्रंथ तारखांचें वेड उतरविण्यासाठीं लिहिला गेला, त्याच्याच अंगावर तारखा चढल्या. आणि पुढें आम्ही संशोधकांनीं त्या चढलेल्या तारखांसाठींच तो वाचला.

मग हिप्पोलितसाचें पहिलें उत्तर वायां गेलें काय? नाहीं. दोनशें वर्षांनंतर, इ. स. ४१८-१९ च्या सुमारास, सालोना येथील अध्यक्ष हेसीकियस आणि आफ्रिकेंतील हिप्पो येथील अध्यक्ष ऑगस्टिन यांच्यांत याच विषयावर पत्रव्यवहार झाला. हेसीकियसाचें म्हणणें, चिन्हें स्पष्ट दिसतात, शेवट जवळ आला आहे, असें होतें. ऑगस्टिनानें सविस्तर उत्तर लिहिलें. त्याच्या शेवटीं तो तीन सेवकांचा दाखला देतो. धनी लौकर येणार म्हणून जागें राहूं, असें एक म्हणतो. धनी उशिरां येईल, पण आपलें आयुष्य थोडें व अनिश्चित आहे म्हणून जागें राहूं, असें दुसरा म्हणतो. आणि धनी केव्हां येईल तें मला ठाऊक नाहीं, म्हणून जागें राहूं, असें तिसरा म्हणतो. तिघेहि धन्यावर प्रेम करणारे व तिघेहि जागे. परंतु ऑगस्टिनाचा कल तिसऱ्याकडे आहे. त्याचें कारण तो असें देतो कीं, पहिल्याचें म्हणणें खोटें ठरलें तर लोक, धनी उशिरां येणार, असें न म्हणतां, तो येणारच नाहीं, असें म्हणूं लागतील. ही भीति पोकळ नव्हती. पाँटसच्या पुढाऱ्यानें शास्त्रच पैजेस लावून नेमका हाच धोका ओढवून घेतला होता.

या तीन सेवकांच्या पंक्तींत हिप्पोलितस कोठें बसतो? गणित मांडतांना तो दुसऱ्याच्या शेजारीं बसतो. परंतु ज्या ठिकाणीं तो पाँटसच्या लोकांची हकीकत सांगतो, तेथें तो तिसऱ्याच्या अगदीं जवळ आलेला आहे. ऑगस्टिनाचें पत्र तर्कानें अधिक निर्दोष आहे, यांत शंका नाहीं. पण त्या पत्रांत शेत नाहीं, घर विकणारा नाहीं, भीक मागणारा नाहीं. तत्त्व ऑगस्टिनानें सांगितलें. तें तत्त्व न पाळल्यानें माणसांचें काय होतें, हें हिप्पोलितसानें दाखविलें. दोहोंचें मोल निरनिराळें आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकास दुसरें अधिक दुर्मिळ आहे.

पौलानें थेस्सलनीकाच्या मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत, प्रभूचा दिवस येऊन ठेपला असें ऐकून घाबरूं नका, असा उपदेश आहे. आणि त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायांत, जो काम करीत नाहीं त्यानें खाऊंहि नये, अशी करडी आज्ञा आहे. शास्त्रपंडित हे दोन अध्याय पुष्कळदां वेगळे वाचतात. पाँटसची हकीकत ध्यानांत ठेवून वाचलें तर त्यांचा सांधा दिसूं लागतो. भय आणि पडीक शेत हीं एकाच दुखण्याचीं दोन लक्षणें आहेत. आणि स्वतःचें काम स्वस्थपणें करून आपली भाकर खाणें, हा त्या भयास दिलेला जबाबच आहे.

आमचा निर्णय थोडक्यांत असा आहे. हिप्पोलितसाच्या भाष्यांतील ५५०० चा हिशेब कालगणनेच्या इतिहासापुरता महत्त्वाचा. २५ तारखेचें वाक्य बहुधा परकें. आणि त्या दोन हकीकती मात्र अस्सल व अमोल आहेत. एक उणीव राहतेच. पाँटसच्या लोकांनीं विकलेली मालमत्ता कोणीं घेतली, व ती त्यांस पुढें कधीं परत मिळाली काय, हें भाष्यकार सांगत नाहीं. आमच्या संग्राहक बंधूंच्या दप्तरांतहि जगबुडीचीं व युगान्ताचीं भाकितें सांगणारे कागद अधूनमधून येत असतील. असा कागद हातीं आला तर त्यावरील तिथि अवश्य टिपून घ्यावी. परंतु त्याच गांवचे त्या सालचे जमाखर्चाचे व खरेदीखतांचे कागदहि शेजारीं ठेवून, त्या वर्षीं पेरणी झाली होती काय, आणि विक्रीचे व्यवहार वाढले होते काय, तेंहि पहावें. भाकीत करणाऱ्याचें गणित पहिल्या कागदावरून कळेल. त्यावर विश्वास ठेवणारांचें काय झालें, तें दुसऱ्यावरून कळेल.